आकडा परत बोलायचा

कौसल्याताई सोनावणे यांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांनी माझं नाव विचारलं नाही, वजन विचारलं. विमान कंपनीत नुकतीच लागलेली मी, बदलापूर गावातून पहिल्यांदाच एवढ्या लांब नोकरीला आलेली, कोरी साडी सावरत 'लोड अँड ट्रिम' असं लिहिलेल्या दारात उभी होते. आत एक बाई कागदावर पट्टी ठेवून शिसपेन्सिलीने रेघ मारत होत्या. रेघ पुरी होईपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहत म्हणाल्या, "किती वजन तुझं?"

मी लाजत काहीतरी सांगितलं. त्या हसल्या. "सांगताना दोन-तीन किलो खाल्लेस ना? चालतं. आमच्याकडे माणसाचं वजन अंदाजानेच धरतात. फक्त आपण अंदाज धरलाय, एवढं विसरायचं नाही." एवढं बोलून त्यांनी शेजारची खुर्ची पुढे ओढली, आणि त्या खुर्चीत मी पुढची कितीतरी वर्षं बसले.

आज ताईंना साठ वर्षं पूर्ण झाली. त्यांचा गौरवग्रंथ काढायचं अंबरनाथच्या बुवापाड्यातल्या विहाराने आणि आमच्या खोलीतल्या जुन्या मंडळींनी मिळून ठरवलं, तेव्हा त्यांच्या कामावर लिहायचं माझ्या वाट्याला आलं. ते बरंच झालं. कारण ताई नक्की काय करायच्या हे बुवापाड्यात आजही कोणाला धड माहीत नाही. निम्मी वस्ती समजते की त्या विमान चालवायच्या. उरलेली समजते की तिकिटं फाडायच्या. ताईंनी दोघांचाही गैरसमज कधी दूर केला नाही, कारण त्यांना दोन्हींची गंमत वाटायची.

तर थोडक्यात सांगते. विमानाच्या शेपटीकडे दोन लहान आडवे पंख असतात. मोठ्या प्रवासी विमानात ते थोडे वर-खाली कलवता येतात. उड्डाणाआधी ते किती कलवून ठेवायचे हे विमानात भार कुठे बसलाय त्यावर ठरतं. भार पुढे असेल तर नाक उचलायला जास्त मदत लागते, मागे असेल तर कमी. त्या कलाला ट्रिम म्हणतात. माणसं कुठे बसली, सामान पुढच्या पोटात गेलं की मागच्या, इंधन किती, हे सगळं मांडून आम्ही एक आकडा काढायचा. वैमानिकाच्या गुडघ्याशेजारी एक चाक असतं, ते फिरवून त्याने काटा त्या आकड्यावर आणायचा. काट्याच्या पट्टीवर एक भाग हिरवा रंगवलेला असतो. काटा हिरव्याबाहेर असताना उड्डाणासाठी इंजिनांचा जोर वाढवला, तर भोंगा वाजतो.

"आणि काटा हिरव्यात आहे, पण चुकीच्या आकड्यावर आहे, तर?" ताई प्रत्येक नव्या माणसाला हे विचारायच्या. मग त्याच सांगायच्या, "तर काही वाजत नाही. तिथे आपणच भोंगा."

म्हणून त्यांनी खोलीत एक रीत घालून दिली होती. कोणी आकडा सांगितला की ऐकणाऱ्याने तो पुरता परत बोलायचा. 'सव्वापाच' म्हटलं की 'सव्वापाच'. नुसतं 'हो' म्हणालात तर ताई पेन्सिल आडवी धरायच्या आणि विचारायच्या, "हो म्हणजे किती?" ही सवय आमच्या हाडीमाशी इतकी भिनली की कँटीनचा पोऱ्यासुद्धा 'दोन कटिंग, एक बिनसाखर' परत बोलूनच जायचा. घरी तर ताईंच्या आई, सगुणाबाई, कातावून जायच्या. मीठ आण म्हटलं की लेक 'मीठ' म्हणते आणि मग उठते, अशी त्यांची तक्रार होती.

दुसरीही एक रीत होती. आपलं नात्याचं माणूस ज्या विमानात असेल, त्याचा कागद आपण करायचा नाही, शेजारच्याला द्यायचा. अशा वेळी हात एक तर कापतो, नाहीतर फाजील शहाणा होतो, असं ताईंचं म्हणणं. या रीतीकडे मी पुढे येणारच आहे.

माझं लग्न बदलापुरातच झालं, शेतकऱ्याच्या घरात. पहाटेची ड्युटी असली की कंपनीची गाडी दारात यायची, आणि शेजारपाजारच्या बायका त्यावर काय बोलायच्या ते मामंजींच्या कानावर जायचं. एक दिवस त्यांनी नोकरी पुरे झाली असं जाहीर केलं. मी खोलीत येऊन रडले. ताईंनी समजूतबिमजूत काढली नाही. पुढच्या रविवारी त्या अंबरनाथहून सरळ आमच्या अंगणात हजर झाल्या. चहा झाला, भाताची चौकशी झाली. मग मामंजींनी विचारलं की आमची सून तिथं करते तरी काय.

अंगणात बैलगाडी सोडलेली होती. ताईंनी तिच्याकडे बघत विचारलं, "दादा, गोण्या गाडीत कशा लावता?"

"आसावर," मामंजी म्हणाले. "मागं गेल्या की गाडी उलाळते, बैल टांगला जातो. पुढं आल्या की त्याच्या मानंवर बसतात."

"तुमची सून तेच करते. गाडी तेवढी मोठी आहे."

मामंजींनी उठून गाडीचं जू हाताने उचलून पाहिलं. मग म्हणाले, "मंग चुकून चालायचं नाय."

"नाही चालायचं," ताई म्हणाल्या.

नोकरीचा विषय पुन्हा निघाला नाही. उलट पहाटे कंपनीची गाडी येईपर्यंत मामंजी घोंगडी पांघरून माझ्याबरोबर फाटकात उभे राहू लागले. आभाळ फिकट होत असायचं, डोंगरापलीकडून एखादं विमान दिवे लावून खाली उतरत असायचं, आणि ते मान वर करून म्हणायचे, "हे नीट भरलंय."

भार म्हणजे काय ते बैलगाडीने सांगितलं. कल म्हणजे काय ते ताई पतंगाने सांगायच्या. आमच्या खोलीत शिकायला आलेल्या प्रत्येकाला संक्रांतीच्या आसपास एका सुट्टीला पालेगावच्या माळावर यावं लागायचं. तेव्हा तिथे इमारती उगवायला नुकती सुरुवात झाली होती, मोकळं रान बरंच उरलं होतं. ताई प्रत्येकाच्या हातात एक कोरा पतंग आणि दोरा द्यायच्या. गाठी ज्याने त्याने बांधायच्या. वरच्या गाठीचा दोरा जरासा आखूड झाला की पतंग पोटावर यायचा, लांब झाला की भुईवर डोकं आपटायचा. पतंग तोच, वारा तोच, फरक बोटभर दोऱ्याचा. ताई गवतावर बसून शेंगा खात बघत राहायच्या आणि कोणालाही मदत करायच्या नाहीत.

मला ती दुपार अजून दिसते. माझा पतंग तिसऱ्या-चौथ्या खेपेला एकदाचा उभा राहिला. हातात ओढ येईना, ढिलाई येईना, दोरा नुसता गुणगुणत होता. ऊन उतरलं होतं, मलंगगडाचा सुळका निळा पडत चालला होता, आणि मला वाटलं की मी दोरा धरलेला नाही, त्यानेच मला धरलंय आणि आता पाय सुटतील. किती वेळ गेला कळलं नाही. मागून ताईंचा आवाज आला, "आता कळलं ना, वैमानिकाच्या हाताला काय वाटलं पाहिजे ते?" मी "हो" म्हणाले, आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी 'हो म्हणजे किती' असं विचारलं नाही. अर्थात तिथे सांगायला आकडाच नव्हता.

हे पतंग यायचे उल्हासनगर कॅम्प एकमधल्या लछुशेठच्या दुकानातून. ताई दुकानात शिरल्या की ते गल्ल्यावरून उठून उभे राहायचे. त्यामागची हकीकत आमच्या खोलीत दंतकथा झालेली आहे, आणि ती घडली तेव्हा मी तिथे होते.

लछुशेठच्या घरचं वऱ्हाड दिल्लीला निघालं होतं. विमान अर्धंअधिक रिकामं, म्हणून ताईंनी माणसं पुढे, मधे, मागे अशी सारखी वाटून आकडा काढला आणि कागद वर गेला. आमचं काम तिथे संपतं. पण ताईंची एक सवय होती, जी कुठल्याच नियमात नव्हती. शक्य असेल तेव्हा त्या दार लागण्याआधी विमानात डोकावून यायच्या. कागदावरची माणसं खरोखरची कशी बसलीत ते बघायला. त्या दिवशी मी बरोबर होते. आत पाऊल टाकलं तर पुढच्या रांगा ओस, आणि सगळं वऱ्हाड शेवटच्या रांगांमध्ये दाटीवाटीने बसून सिंधी लाडे, म्हणजे त्यांची लग्नगाणी, गातंय. मधोमध लछुशेठच्या दादी, डोक्यावर पदर, टाळ्या वाजवत. त्यांनी बाथरूम जवळ हवं म्हणून शेवटची जागा धरली होती, आणि दादी जिथे तिथे लग्नघर.

मागे एवढा भार, आणि शेपटीचा कल मात्र सगळे विखरून बसलेत असं धरून दिलेला. धावताना नाक वेळेआधीच उचललं गेलं असतं, शेपूट जमिनीला घासलं असतं. भोंगा वाजला नसता, कारण काटा हिरव्यातच होता.

कॅप्टनसाहेब घाईत होते. ते म्हणाले, नवा आकडा द्या, मी चाक फिरवतो, विषय संपला. ताई म्हणाल्या की आकडा आत्ता देते, पण ही लग्नाची माणसं आहेत, विमान हललं की पुन्हा उठतील, तेव्हा कितवा आकडा देऊ? हवाईसुंदरी बिचारी दोनदा सांगून थकली होती. लछुशेठ हात जोडून म्हणाले, "दीदी, सब मान लेंगे, पर दादी को पीछे अकेली कैसे छोडें? शादी का घर है."

ताईंनी सगळ्या वऱ्हाडावरून एकदा नजर फिरवली. "तो दादी को ही बीच में लाते हैं ना," त्या म्हणाल्या.

मग त्या दादींजवळ जाऊन वाकल्या, त्यांचा हात धरला, विमान वर गेलं की खुशाल मागे या, आता फक्त पंखावरच्या रांगेत बसा, तिथे झुलत नाही, असं त्यांच्या कानात सांगितलं. दादी उठल्या. आणि काय सांगू, अख्खं वऱ्हाड न सांगता उठलं, गाणं न तोडता त्यांच्या मागोमाग सरकत आलं आणि त्यांच्या पुढेमागे सारखं पसरून बसलं. ताईंनी रांगा मोजल्या, जुना आकडा पुन्हा ताडून पाहिला आणि कॅप्टनना सांगितला. ते तो परत बोलले. उतरताना ताई मला म्हणाल्या, "सगळ्यांना हलवायला जाऊ नये गं. ज्याच्याभोवती सगळे आहेत त्याला हलवावं." त्यानंतर दर संक्रांतीला लछुशेठने पतंग पाठवले.

ताईंचं विहारातलं काम, रविवारी मुलींना इंग्रजी वाचायला शिकवणं, धम्मदीक्षेच्या वेळच्या आपल्या लहानपणीच्या आठवणी त्यांनी सांगाव्यात आणि आम्ही ऐकत राहावं, याविषयी या ग्रंथात इतरांनी लिहिलं आहेच. मी फक्त एवढंच म्हणेन की कामात आणि घरात त्या वेगळ्या नव्हत्या. कोणाचा भार कुठे पडतोय हे त्यांना आधी दिसायचं. खोलीत एखादी गप्प असली तर त्या दिवशी तिच्या वाट्याचे दोन कागद न बोलता ताईंच्या टेबलावर गेलेले असत.

पण आता जे सांगते ते त्यांच्या परवानगीने. कौसल्याताई इतकी वर्षं विमानांचा तोल सांभाळत होत्या आणि स्वतः एकदाही विमानात बसून उडाल्या नव्हत्या. कंपनीचे पास मिळायचे. ते दरवर्षी वाया जायचे. आम्हाला वाटायचं, आईंना एकटं टाकून जात नाहीत.

सगुणाबाई तेव्हा ऐंशी ओलांडलेल्या, दात गेलेले, जीभ शाबूत. त्यांची एकच इच्छा उरली होती. बुद्धगयेला जायचं आणि ज्या झाडाखाली बुद्धाला ज्ञान झालं तिथे डोकं टेकायचं. गुडघे पार गेले होते, रेल्वेचा एवढा लांबचा प्रवास डॉक्टरांनी नाही म्हणून सांगितला होता. ताई सेवानिवृत्त झाल्या त्या आठवड्यात मी बुवापाड्यातल्या घरी गेले होते. सगुणाबाईंनी माझ्यासमोरच लेकीला झाडलं. "तू येवढी इमानं उडवलीस, नि मी मातुर झाड न बघता मरू होय?"

ताईंनी चपला पायात सरकवल्या. मला घेऊन पालेगावच्या माळाकडे निघाल्या. संध्याकाळ होती. माळ आता अर्धाच उरला होता. आम्ही उभ्या राहिलो त्या जागेवरून एक विमान वर चढताना दिसलं, त्याच्या पोटावर अजून ऊन होतं आणि आमच्यावर सावली.

"नंदा, मला भीती वाटते गं," ताई म्हणाल्या. "आकडा काढते तेव्हा सगळं माझ्या हातात असतं. तिथे खुर्चीत बसून हातात काय असणार? आईची इच्छा आहे. तिच्याकडे किती दिवस आहेत मला माहीत नाही. आणि माझे पाय उचलत नाहीत."

मी त्यांना कधी असं पाहिलं नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावर मला त्या क्षणी वय दिसलं. मग मला दादी आठवल्या. दुसऱ्या दिवशी मी सगुणाबाईंना जाऊन सांगितलं, की आई, मी रजा काढते, आपण दोघी पाटण्यापर्यंत विमानाने जाऊ आणि तिथून मोटारीने गयेला. सगुणाबाईंनी तिथल्या तिथे लुगडी बांधायला घेतली. गाठोडं दारात आल्यावर ताईंनी दोन दिवस ते पाहिलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला फोन केला, रजा नको काढूस, आईबरोबर मी जाते. आवाज बारीक होता.

त्या सकाळी मी ड्युटीवर होते. पाटण्याचा कागद माझ्याच टेबलावर आला. मी तो ताबडतोब शेजारच्या शिंद्यांना दिला आणि काउंटरवर दोघींना भेटायला गेले. सगुणाबाई चाकाच्या खुर्चीत राणीसारख्या बसल्या होत्या. ताईंचे हात गार पडले होते. मी म्हटलं, काळजी करू नका, तुमची रीत पाळली, तुमचा कागद शिंद्यांना दिलाय.

"मी तुझी कोण?" ताईंनी विचारलं.

"असं काय विचारता, ताई?"

"मग इतकी वर्षं ज्यांचे आकडे काढलेस ते कोणाचे होते?" त्यांनी माझा हात घट्ट धरला. "रीत मीच घातली होती. आज मीच मोडते. माझा आकडा तू काढ."

मी खोलीत परत आले. शिंद्यांनी न विचारता कागद माझ्याकडे सरकवला. मी पट्टी ठेवली. हात कापेल असं वाटलं होतं, पण कापला नाही. पालेगावच्या त्या दुपारी दोरा जसा गुणगुणत होता, तसं काहीतरी आत चाललं होतं. रेघ उतरली, आकडा आला. मी तो पुन्हा काढला, तोच आला. वर जाऊन कॅप्टनना सांगितला, त्यांनी तो परत बोलून चाक फिरवलं, काटा हिरव्यात जाऊन नेमका थांबला.

मग मी विमानात मागे वळले, ताईंच्या सवयीप्रमाणे. खिडकीशी सगुणाबाई, शेजारी ताई, पंखावरच्या रांगेत.

"नंदे, मी हितंच बसू ना? का सरकू?" सगुणाबाईंनी विचारलं.

"आई, तुम्ही अगदी मधोमध आहात."

ताईंनी डोळे मिटून घेतले होते. ते न उघडताच विचारलं, "किती?"

"सव्वापाच."

त्या आता परत बोलतील म्हणून मी थांबले. इतक्या वर्षांची सवय, मला हलताच येईना. दाराशी कोणीतरी मला हाक मारत होतं. ताईंनी डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं.

"हो," त्या म्हणाल्या.

ते विमान धावपट्टीच्या टोकाशी वळलं, धावलं, आणि मी बाहेर उन्हात उभी राहून त्याचं नाक अलगद, कोणाचाच जोर न लागल्यासारखं, उचललं जाताना पाहिलं. मी रडत होते हे शिंद्यांनी सांगितल्यावर मला कळलं.

सगुणाबाईंनी झाडाखाली डोकं टेकलं. परत आल्या त्या आठवड्यात त्यांनी सगळ्या बुवापाड्याला विमान आतून कसं असतं ते इतक्या वेळा सांगितलं की आता तिथे लेकीपेक्षा आईच जास्त विमान जाणते असा समज आहे. ताईंनी तोही दूर केलेला नाही. मायलेकी पुढच्या हिवाळ्यात कुशीनगरला निघणार आहेत म्हणे, आणि खिडकी कोणाची यावर आत्तापासून वाद आहे.

ताई, आम्ही तुमच्या खोलीतली सगळी माणसं आज तुमच्यासमोर उभी आहोत. तुमचे गुडघे आईंपेक्षा मजबूत राहोत, डोळ्यांना बारीक रेघ दिसत राहो, पालेगावला एक पतंगापुरता तरी माळ उरो आणि त्यावर शेंगा खात बसायला तुम्ही असा. तुमच्यासाठी आम्ही एक आकडा काढला आहे, दोनदा ताडून पाहिला आहे. शंभर वर्षं. तुम्ही तो परत बोलू नका, ताई. नुसतं हो म्हणा.